अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी हाड दुखतंय? फ्रायबर्गच्या ऑपरेशनबद्दल सगळं, आधी आणि नंतर

चवडा दुखतो म्हणून येणाऱ्या बहुतेकांचं कारण साधंच निघतं, पातळ सोलची चप्पल, वाढलेलं वजन, एखादं कुरूप, नाहीतर बोटांच्या मधली नस. पण अधूनमधून खो-खो खेळणारी किंवा भरतनाट्यम शिकणारी शाळकरी मुलगी येते आणि अंगठ्याशेजारच्या बोटाच्या बरोब्बर मुळावर बोट ठेवून सांगते की इथेच दुखतं, दुसरीकडे कुठेच नाही. तिथे दाबलं की कळ येते, बोट वरच्या बाजूला वाकवलं की जास्तच. अशा वेळी फ्रायबर्गचा आजार, म्हणजे बोटामागच्या हाडाचं टोक खचणं, डोक्यात यायला हवा, आणि नेमका तोच उशिरा सापडतो.

मी फिजिओ आहे, सर्जन नाही, हे आधीच सांगते. ऑपरेशन मी करत नाही, पण ते झालेले पाय पुढचे काही महिने माझ्याकडे असतात, त्यामुळे कुठे गाडी अडकते ते दिसतं. बरेच लोक "ऑपरेशन करायचं की नाही" एवढाच प्रश्न घेऊन बसतात. खरा प्रश्न असा आहे की हाडाच्या टोकावरची कूर्चा, म्हणजे सांध्यातला गुळगुळीत थर, कुठे आणि किती शिल्लक आहे. त्यावरून ऑपरेशन कुठलं ते ठरतं, बाकी सगळं त्याच्यामागून येतं.

हाडाला होतं काय

पायाच्या मधल्या भागातून बोटांकडे जी पाच लांब हाडं जातात त्यांना मेटाटार्सल म्हणतात. त्यांची गोल टोकं म्हणजे आपला चवडा. यातलं दुसरं हाड बहुतेक लोकांत सगळ्यात लांब असतं, आणि त्याचा मागचा भाग शेजारच्या हाडांमध्ये पक्का अडकलेला असतो, म्हणजे बाकीची हाडं भार आला की थोडी हलतात तसं हे हलत नाही. पाऊल उचलताना येणारा मार मग त्याच्या टोकावर बसतो. टोकाला बारीक भेगा पडतात, तिथला रक्तपुरवठा कमी होतो, आतलं हाड मरतं आणि वरची गोलाई चपटी होत जाते. खचतो तो मुख्यतः टोकाचा वरचा भाग, खालचा म्हणजे तळव्याकडचा भाग बऱ्याचदा शाबूत राहतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

अमेरिकेत सिनसिनाटीचे सर्जन आल्फ्रेड फ्रायबर्ग यांनी १९१४ मध्ये याचे सहा पेशंट मांडले, म्हणून त्यांचं नाव. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा कितीतरी जास्त दिसतं आणि सुरुवात बहुधा वयाच्या ११ ते १७ मध्ये होते. दुसरं हाड सगळ्यात जास्त, मग तिसरं, चौथं क्वचित. मोठ्या माणसांनाही होतं, किंवा शाळेत असताना होऊन गेलेलं चाळिशीत सांधा झिजल्यावर कळतं.

आधी खात्री करून घ्या

सुरुवातीच्या काही आठवड्यांत एक्स-रे चक्क नॉर्मल येऊ शकतो. "एक्स-रे क्लिअर आहे, काही नाही" म्हणून मुलीला परत ग्राउंडवर पाठवलं जातं आणि तिथेच वेळ जातो. दुखणं एकाच टोकावर ठाम असेल आणि तीन-चार आठवडे आराम करूनही हटत नसेल तर एमआरआयबद्दल विचारा, त्यात हाडाच्या आतला बदल लवकर दिसतो. एक्स-रे काढतानाही उभं राहून, पायावर भार देऊन काढलेला हवा, झोपून काढलेला फारसा उपयोगाचा नाही.

यासारखी दुखणी दुसरीही असतात. स्ट्रेस फ्रॅक्चर असेल तर कळ टोकाच्या थोडी मागे, हाडाच्या दांड्यावर असते. नसेचं दुखणं असेल तर बहुतेक वेळा तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधे मुंग्या, जळजळ होते. आमवातात दोन्ही पायांचे एकापेक्षा जास्त सांधे सुजतात आणि सकाळी आखडतात. आणि आपल्याकडे पाय दुखला की आधी युरिक ॲसिड करून घ्यायची जी पद्धत आहे ना, तो आकडा जरा वर आला म्हणून गाऊटच्या गोळ्या सुरू करू नका, गाऊट सहसा अंगठ्यात येतो आणि एका रात्रीत लाल करून सोडतो.

ऑपरेशनच्या आधीचे महिने

फ्रायबर्ग सापडला की लगेच टेबलावर जायचं नसतं. बरेच पाय, विशेषतः वाढत्या वयातले, भार कमी केला की शांत होतात. दुखणं जोरात असेल तर ४ ते ६ आठवडे वॉकिंग बूट किंवा प्लास्टर, त्यानंतर कडक सोलचा बूट, पुढून किंचित वर वळलेला असेल तर उत्तमच, आणि आत मेटाटार्सल पॅड. आता या पॅडबद्दल जरा लांबण लावते कारण तो चुकीच्या जागी लावलेला मी सारखा बघते. दुखतं तिथे पॅड लावायचा नसतो! तो दुखऱ्या टोकाच्या मागे, टाचेच्या दिशेला बसला पाहिजे, म्हणजे हाडाचा दांडा उचलला जाऊन टोकावरचा भार कमी होतो. दुखऱ्या जागेवर लिपस्टिकचा ठिपका लावा, पाय बुटात घालून दोन पावलं चाला, आत जिथे ठसा उमटेल त्याच्या मागे पॅड चिकटवा. चालताना टोचला तर अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे करून बघा.

घरात फरशीवर अनवाणी चालणं बंद, जाड सोलची घरातली चप्पल वापरा. उकिडवं बसणं बंद, कारण उकिडवं बसलं की बोटं वर वाकतात आणि खचलेला भाग सांध्यात दाबला जातो, त्यामुळे भारतीय संडास असेल तर कमोड खुर्ची आणा. उड्या, दोरी, टाचा उचलून नाच हे सगळं थांबवा. बाईक चालवणाऱ्यांचा डावा पाय दुखत असेल तर गिअर वर उचलणं हासुद्धा ताण आहे, हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

हे सगळं नीट, खरोखर नीट, ३ ते ६ महिने करून पाहायचं. तरीही रोजचं चालणं दुखत असेल, सांधा मधेच अडकत असेल, किंवा एक्स-रेमध्ये टोक खचत चाललेलं दिसत असेल तर ऑपरेशनचं बोलणं सुरू होतं. वय लहान असेल तर सर्जन अजून थोडं थांबा म्हणू शकतात, कारण या हाडांची वाढीची रेघ, म्हणजे जिथून हाड लांब होतं तो पट्टा, टोकाजवळच असते आणि ती मिटायच्या आत तिथे कापाकापी शक्यतो टाळतात. ते टाळाटाळ करतायत असं समजू नका.

कुठलं ऑपरेशन, आणि का

डॉक्टरांच्या तोंडी स्माइली या सर्जनच्या पाच पायऱ्या येतील, आजार किती पुढे गेलाय हे सांगणारी ही वर्गवारी १९६७ ची. पहिलीत नुसती भेग, दुसरीत टोक मधे खचायला लागलेलं, तिसरीत खचून कडा बाजूंना वर आलेल्या पण खालचा भाग अजून जोडलेला, चौथीत तुकडा सुटून सांध्यात फिरतोय, पाचवीत टोक पूर्ण चपटं आणि सांधा झिजलेला.

लवकरच्या पायऱ्यांत कधीकधी हाडात बारीक भोकं पाडून आतला दाब कमी करतात आणि नवीन रक्तवाहिन्यांना वाट देतात. दुसरा साधा प्रकार म्हणजे सांधा साफ करणं, सुजलेलं अस्तर, सुटलेले तुकडे, वर आलेली हाडाची कड काढून टाकणं. पाय लवकर मोकळा होतो, पण खचलेला भाग होता तिथेच राहतो, म्हणून खूप काही बिघडलेलं नसेल तेव्हाच हे पुरतं.

मधल्या पायऱ्यांत सगळ्यात जास्त ऐकायला मिळेल ते ऑस्टिओटॉमीचं नाव, म्हणजे हाड कापून नव्या कोनात बसवणं. गोथिए आणि एल्बाझ या फ्रेंच सर्जन्सनी १९७९ मध्ये या आजारासाठी ही पद्धत मांडली. टोकाच्या वरच्या बाजूने हाडाची पाचर काढायची, कलिंगडाची फोड काढतात तशी, आणि मग उरलेल्या दोन कडा एकमेकींना टेकवायच्या. कडा टेकल्या की टोक वरच्या दिशेला फिरतं, आणि खालची चांगली कूर्चा, जी इतके दिवस तळव्याकडे होती, ती बोटाच्या समोर येते. खराब भाग एकतर पाचरीबरोबर निघून जातो नाहीतर सांध्याच्या वाटेतून वर सरकतो. हाड साधारण २-३ मिलीमीटर आखूड होतं, लांब हाडाच्या बाबतीत ते उलट फायद्याचंच. मग बारीक स्क्रू, तार किंवा विरघळणाऱ्या पिनने बसवतात. कधी टोक आणखी मागे सरकवण्यासाठी वाइल ऑस्टिओटॉमी करतात, तिचा छेद वेगळ्या कोनातून जातो.

मला स्वतःला यातला विचार आवडतो, बाहेरचं काही न आणता पायात आहे तेच चांगलं हाड वापरलं जातं. पण खाली चांगली कूर्चा शिल्लक हवी, ही अट आहे. ती नसेल तर फिरवून काय समोर आणणार?

तशा वेळी एक पर्याय म्हणजे गुडघ्याच्या भार न येणाऱ्या भागातून कूर्चेसकट हाडाची छोटी गुल्ली काढून इथे बसवणं. निकाल चांगले येऊ शकतात, पण एका दुखऱ्या पायासाठी चांगल्या गुडघ्याला हात लावायचा, आणि काही जणांचा गुडघा नंतर कुरकुरतो. पाचव्या पायरीत, सांधा गेलेलाच असेल तर, टोक थोडं आकारात आणून सांध्यात त्याच बोटाच्या शिरेचा (टेंडनचा, रक्तवाहिनीचा नव्हे) किंवा सांध्याच्या आवरणाचा तुकडा उशी म्हणून घालतात.

आणि एक गोष्ट ठासून सांगते. कोणी नुसतं "टोक काढून टाकू, दुखायचं थांबेल" म्हणत असेल तर दुसऱ्या सर्जनचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका, पेशंट तरुण आणि चालता-फिरता असेल तर मुळीच नको. दुसऱ्या हाडाचं टोक काढलं की त्याचा भार तिसऱ्यावर जातो, मग ते दुखायला लागतं, तिथे घट्टा येतो, बोट आखूड होऊन लोंबतं. सिलिकॉनचे कृत्रिम सांधेही एके काळी बसवायचे, ते तुटतात, झिजतात म्हणून आता सहसा कोणी सुचवत नाही.

सर्जनकडे जाताना

फूट अँड अँकलचं काम नियमित करणारा ऑर्थोपेडिक सर्जन शोधा. मुंबई-पुण्यात मिळतील, लहान गावात असाल तर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या ऑर्थो विभागातून रेफर करून घ्या. एक्स-रेच्या फिल्म आणि एमआरआयची सीडी घेऊन जा, नुसता रिपोर्टचा कागद नको. मग सरळ विचारा: माझी पायरी कितवी? खालची कूर्चा चांगली आहे का? उघडल्यावर आत वेगळं दिसलं तर तुमचा दुसरा प्लॅन काय? तार बाहेर राहणार का, आणि ती सांध्यातून जाणार का? किती दिवसांनी चवड्यावर भार? हा दुसऱ्या प्लॅनचा प्रश्न जरूर विचारा, कारण कूर्चेची खरी हालत पुष्कळदा सांधा उघडल्यावरच कळते, आणि संमतीच्या कागदावर दोन्ही शक्यता लिहिलेल्या असल्या की नंतर घरात भांडण होत नाही.

खर्चाचं म्हणाल तर शहर, हॉस्पिटल आणि रूम यावर इतका फरक पडतो की आकडा सांगण्यात अर्थ नाही, पण लेखी अंदाज मागा आणि त्यात स्क्रू-पिनचा खर्च, भूलतज्ज्ञाची फी आणि ऑपरेशननंतरचा बूट धरलाय का ते बघा. इन्शुरन्स असेल तर आधीच प्री-ऑथ, म्हणजे विमा कंपनीची आगाऊ मंजुरी, करून घ्या, आणि त्याच दिवशी घरी सोडणार असतील तर डे-केअरमध्ये बसतं का हे टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेला) फोन करून विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात, तुमचं ऑपरेशन योजनेत येतं का ते तेच बघून सांगतील, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

तयारी

तंबाखू, सिगारेट, आणि हो, मिश्रीसुद्धा, निदान महिनाभर आधीपासून बंद. निकोटिनने हाड जुळायला उशीर होतो, आणि मिश्री लावणाऱ्या बायकांना डॉक्टर विचारतच नाहीत, त्या सांगतही नाहीत, म्हणून इथे लिहिते. शुगर असेल तर ताब्यात आणा, व्हिटॅमिन डी तपासून घ्या, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सर्जनला सांगा, आपल्या मनाने बंद करू नका.

जोडवी! ती नेमकी याच बोटात असतात. ऑपरेशनच्या आधी काढावीच लागतात, आणि बोट आधीच सुजलेलं असेल तर वेळेवर निघत नाहीत, मग कापावी लागतात. आठवडाभर आधी साबणाच्या पाण्याने घरी काढून ठेवा. सूज पूर्ण उतरेपर्यंत, म्हणजे काही महिने, परत घालायची नाहीत, घरात मोठ्या बायका काही म्हणाल्या तर डॉक्टरांचं नाव पुढे करा. पैंजण, नेलपॉलिशही काढा, पायाला मेंदी नको.

घरी झोपायची सोय खालच्या मजल्यावर, बाथरूममध्ये प्लास्टिकची खुर्ची, कमोड, दोन-तीन जाड उशा. वॉकर किंवा कुबड्या आधीच आणा आणि दोन पायांवर उभं राहता येतंय तोवर सराव करा, ऑपरेशननंतर भूल उतरत असताना शिकायला कोणालाच जमत नाही.

त्या दिवशी

साधारण ६ तास आधीपासून पोटात अन्न नको, नक्की वेळ भूलतज्ज्ञ सांगतील. भूल बहुधा घोट्याजवळ नसांना देतात किंवा कमरेतून. बोटाच्या मुळावर, पायाच्या वरच्या बाजूने ३-४ सेंटीमीटरचा छेद, शीर बाजूला, सांधा उघडायचा, साफ करायचा, मग ठरलेलं काम. तासाभराच्या आसपासचं काम असतं. बरेच जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात.

पहिले दोन आठवडे: पाय वर

याला पर्याय नाही. पहिले तीन-चार दिवस पाय छातीच्या पातळीपेक्षा वर, नुसता स्टुलावर नाही. पाय खाली सोडला की ठणका सुरू होतो. चालायचं ते संडास-बाथरूमपुरतं, तेही टाचेवर, हॉस्पिटलने दिलेला टाचेवर भार घेणारा बूट घालून. काही सर्जन टाचेवरही लगेच भार देत नाहीत, तुमच्या सर्जनचं ऐका. दुखण्याची गोळी भूल पूर्ण उतरायच्या आधीच सुरू करा, कळ चढल्यावर घेतली तर उशिरा लागू पडते. ड्रेसिंग कोरडं ठेवा, जखमेवर हळद-तेल काही नको. आंबट खाल्लं की पू होतो हे मनातून काढून टाका, उलट डाळी, अंडी, दूध, पनीर पोटभर खाऊ द्या.

ताप, ड्रेसिंगमधून वास किंवा पू, बोट निळं-पांढरं पडणं, वाढतच जाणारं दुखणं, पोटरी सुजून दुखणं यातलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. श्वास लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत. टाके १२ ते १४ दिवसांनी निघतात.

दोन ते सहा आठवडे: इथे बोट आखडतं

हाड बहुतेकांचं जुळतं, पण बोट मात्र कडक होतं, आणि ते आखडणं माझ्या मते या ऑपरेशनचा सगळ्यात सतावणारा त्रास आहे. तार सांध्यातून गेली असेल तर ती निघेपर्यंत हालचाल नाही, ती ३ ते ६ आठवड्यांत ओपीडीतच ओढून काढतात, ऐकायला भयानक वाटतं पण क्षणभराचं काम असतं. तार सांध्यात नसेल तर टाके निघाल्यावर, सर्जनने हो म्हटलं की सुरू करायचं. एका हाताने हाडाचा दांडा धरून ठेवायचा, दुसऱ्या हाताने बोट मुळापासून खाली, तळव्याकडे वाकवायचं, दहा मोजेपर्यंत धरायचं, दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. लोक पुढचा पेर वाकवत बसतात आणि मूळ तसंच राहतं, हे बघा. वर वाकवण्याची घाई नको. जखम भरल्यावर व्रणावर खोबरेल तेलाने बोटाने गोल गोल चोळा, म्हणजे शीर कातडीला चिकटत नाही. बोट जमिनीवर न टेकता वरच राहत असेल तर ते टेपने खाली ओढून ठेवतात, फिजिओकडून शिकून घ्या. बोटाच्या वरच्या बाजूला थोडा बधिरपणा राहू शकतो, बराचसा हळूहळू कमी होतो.

सहा आठवड्यांनंतर

एक्स-रेमध्ये हाड जुळताना दिसलं की कडक सोलचा स्पोर्ट शू, आतून पॅड, आणि चवड्यावर हळूहळू भार. बूट एक नंबर मोठा किंवा रुंद घ्या, कारण संध्याकाळी पाय सुजतो, आणि ही सूज सहा महिनेसुद्धा राहते, घाबरू नका. उजवा पाय असेल तर करकचून ब्रेक मारता येईपर्यंत कार नको, डावा असेल तर गिअरची बाईक तिसऱ्या महिन्यापर्यंत विसरा. देवळात जायचं तर गर्दीच्या दिवशी नको, दगडी फरशीवर अनवाणी तासभर रांग या पायाला झेपत नाही.

व्यायाम आधी बसून, टॉवेल पायाच्या बोटांनी ओढणं, मग दोन्ही पायांवर टाचा उचलणं, भिंतीला हात लावून. एका पायावर दहा-पंधरा वेळा टाच उचलता आली, न दुखता, आणि दुसऱ्या दिवशी सूज वाढली नाही, की मग जॉगिंगचा विचार, साधारण ३ ते ४ महिन्यांनी. उड्या, खो-खोतलं खांबाला वळणं, भरतनाट्यमचा अडवू हे त्याहून उशिरा. कोच आणि गुरूंना एक्स-रे दाखवा, "बरी दिसतेय" एवढ्यावर मुलीला उतरवतात.

शेजारच्या तिसऱ्या बोटाखाली नवीन घट्टा किंवा दुखणं सुरू झालं तर ते सर्जनला दाखवा, भार तिकडे सरकल्याची ती खूण असते आणि लवकर लक्षात आलं तर बऱ्याचदा पॅडची जागा बदलूनच भागतं. आतला स्क्रू टोचत नसेल तर काढावा लागत नाही.